शाळेला नवं काही देण्याआधी

जून जवळ आला की गावच्या जिल्हा परिषद शाळेला काहीतरी द्यावं, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. मुंबई-पुण्यात स्थिरावलेले माजी विद्यार्थी व्हॉट्सॲपवर वर्गणी जमवतात. एखाद्या कंपनीला सीएसआरचा निधी खर्ची घालायचा असतो. परदेशी गेलेली एखादी लेक आईच्या नावाने देणगी पाठवते. मग शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसते आणि यादी निघते: टॅब, प्रोजेक्टर, इंटरॅक्टिव्ह पॅनेल, रोबोटिक्सचा संच. अलीकडे या यादीत एआयही शिरलं आहे. त्या बैठकीत तुम्ही देणगीदार म्हणून बसत असाल, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य म्हणून, शिक्षक म्हणून किंवा नुसतेच पालक म्हणून, हा लेख तुमच्यासाठी आहे.

शाळेत आलेली नवी वस्तू सगळ्या मुलांमध्ये आपोआप सारखी वाटली जात नाही. ज्याला वाचता येतं, ज्याच्या घरी चार्जिंगची सोय आहे, जो बाईंना विचारायला बिचकत नाही, त्याच्याकडे ती आधी जाते. बाकीच्यांपर्यंत ती पोचावी असं वाटत असेल, तर त्याची व्यवस्था खरेदीच्या आधीच लावावी लागते. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर ती लावायला कुणालाच सवड नसते.

आधी मुलं कुठे आहेत ते बघा

खरेदीची यादी घडी करून ठेवा आणि प्रत्येक मुलासाठी पाच-सात मिनिटं काढा. 'प्रथम' ही संस्था २००५पासून 'असर' नावाची पाहणी करते. तिची वाचनाची चाचणी एका पानात मावते. त्यावर सुटी अक्षरं असतात, साधे शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा असतो आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मुलाला आधी उतारा वाचायला द्यायचा. तो जमला तर गोष्टीकडे जायचं, नाही जमला तर शब्दांकडे आणि मग अक्षरांकडे उतरायचं. गणितातही असंच: एक अंकी आणि दोन अंकी संख्यांची ओळख, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. मराठीतली पत्रकं 'असर'च्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बारावी झालेली कुणीही मुलगी किंवा मुलगा थोड्या सरावाने ही चाचणी घेऊ शकतो.

दोन पथ्यं मात्र पाळा. मुलाला एकट्याला, वर्गापासून जरा बाजूला बसवून विचारा. आणि पटावरच्या प्रत्येक मुलाची चाचणी घ्या. त्या दिवशी जी मुलं गैरहजर असतील त्यांच्या घरी जा, कारण तुम्हाला ज्यांच्याविषयी काही कळायला हवं ती बहुधा त्यांच्यातच असतात. सरकारच्या 'निपुण' उपक्रमात गावोगावी चावडीवाचन होतं, म्हणजे मुलं गावापुढे वाचून दाखवतात. कल्पना उत्तम आहे, पण चारचौघांपुढे शाळेची लाज राखायची म्हटली की नेहमीची चार मुलं पुढे केली जातात आणि गाव टाळ्या वाजवून घरी जातं. पाचव्या मुलाचं काय, हे चावडीवर कधीच कळत नाही.

निकाल हाती आला की बैठकीतली चर्चाच बदलते. 'असर'च्या २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं, म्हणजे सुधारणा झाली आणि ती मोलाची आहे. तरीही चारातली तीन मुलं मागेच आहेत. तुमच्या शाळेचं चित्र याहून बरं असेल किंवा वाईट असेल, पण समजा तिसरीच्या वीस मुलांपैकी पाच-सहाच गोष्ट वाचतात. मग पडद्यावरच्या सूचना वाचून सोडवायचं स्वाध्यायाचं ॲप उरलेल्या चौदा-पंधरा जणांच्या काय कामाचं? ती मुलं चित्रांवर बोट फिरवत बसतील आणि शेजारचा सोडवेल ते बघतील. पाहुण्यांना मात्र वर्ग रंगून गेलेला दिसेल.

एका लाखात काय येतं

चांगल्या इंटरॅक्टिव्ह पॅनेलची किंमत साधारण लाख रुपयांच्या आसपास किंवा वर जाते. त्याच लाखाचा दुसरा एक हिशेब मांडून बघा. गावातल्या दोन शिकलेल्या मुलींना रोज दोन तासांच्या कामाचे प्रत्येकी महिना चार हजार रुपये मानधन दिलं, तर दहा महिन्यांचे ऐंशी हजार होतात. उरलेल्या वीस हजारांत गोष्टीची पुस्तकं, गणिताचं साहित्य, पाट्या आणि कपाट येतं.

हा हिशेब हवेतला नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत 'प्रथम'च्या बालसखी कार्यक्रमाची शास्त्रशुद्ध तपासणी झाली. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर नेऊन वस्तीतलीच एक तरुणी त्यांना वाचन आणि आकडेमोड शिकवायची. तिचं शिक्षण दहावीच्या आगेमागे, प्रशिक्षण सुमारे दोन आठवड्यांचं आणि मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचं शिकणं स्पष्टपणे वाढलं होतं, आणि सगळ्यात जास्त फायदा तळातल्या मुलांना झाला होता. त्यातली एक बाब मला फार बोलकी वाटते. मागची मुलं बाहेर गेल्यामुळे वर्गात शिक्षकांपुढे कमी मुलं उरली, तरी त्या उरलेल्यांच्या शिकण्यात काही फरक दिसला नाही. नुसती संख्या कमी करून भागत नाही. मूल जिथे अडलं आहे तिथून शिकवलं की ते पुढे सरकतं.

पुढे याच विचारातून 'पातळीनुसार शिकवणं' ही पद्धत उभी राहिली. दिवसातला एखादा तास तिसरी-चौथी-पाचवीच्या भिंती बाजूला ठेवायच्या, अक्षरं ओळखणाऱ्यांचा एक गट, शब्द वाचणाऱ्यांचा दुसरा, उतारा वाचणाऱ्यांचा तिसरा. दर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्यायची आणि मूल वरच्या गटात गेलं की सगळ्यांनी ते साजरं करायचं. यात पाचवीचा मुलगा तिसरीच्या मुलांबरोबर बसतो. त्याला ते खुपू नये यासाठी गटांना 'ढ' आणि 'हुशार' असा वास येणारी नावं देऊ नका. आणि एक गट कायम एकाच खोलीत, पाठीमागच्या, पत्र्याच्या, असंही होऊ देऊ नका.

मुलांनीच मुलांना शिकवण्याचाही चांगला अनुभव आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा 'विषयमित्र' पद्धतीसाठी ओळखली जाते. आपल्या शाळेत हे करायचं तर एवढं पाहा की शिकवणारा मित्र दर वेळी तोच नसावा. भाषेत मागे असलेली मुलगी बाजारच्या हिशेबात पक्की असू शकते. तिलाही कधी फळ्यापाशी उभं राहायला मिळालं पाहिजे.

यंत्र कुणाच्या तासावर चालणार?

याचा अर्थ यंत्र नकोच, असा नाही. पण यंत्र शाळेत येतं तेव्हा ते कशाच्या तरी जागी येतं, आणि ते कशाच्या जागी हे बैठकीत कुणी विचारत नाही.

गुजरातेत 'ग्यानशाळा' या संस्थेच्या कमी खर्चाच्या शाळांत गणिताचा एक संगणकीय कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरून पाहिला गेला. काही ठिकाणी शाळेच्याच वेळात, नेहमीच्या शिकवण्याच्या ऐवजी. काही ठिकाणी शाळेआधी किंवा नंतर, जादा म्हणून. कार्यक्रम तोच होता. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी २००८मध्ये मांडलेले निष्कर्ष असे होते: जादा वेळात वापरलेल्या ठिकाणी मुलांचं गणित सुधारलं, आणि मागे असलेल्यांचं अधिक सुधारलं. शिकवण्याच्या ऐवजी वापरलेल्या ठिकाणी मुलांचं नुकसान झालं, आणि तेही मोठं. ग्यानशाळेचं नेहमीचं शिकवणं आखीव आणि चांगलं होतं. ते काढून त्या जागी संगणक बसवला, तर दुसरं काय होणार?

म्हणून मुख्याध्यापकांना सरळ विचारा: पॅनेल आठवड्यातले किती तास चालेल, त्या वेळात आत्ता काय चालतं आणि ते पुढे कधी होईल? दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक मतदारयादीच्या (बीएलओच्या) कामाला किंवा प्रशिक्षणाला गेले की दुसऱ्यांपुढे चार इयत्ता असतात. अशा दिवशी व्हिडिओ लावून देणं हा मोह नाही, नाइलाज आहे, आणि त्याबद्दल शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण असा नाइलाज रोजचा होणार असेल, तर शाळेची खरी गरज तिसऱ्या माणसाची आहे, एवढं बैठकीत उघड बोललं जावं.

प्रत्येक मुलाच्या हाती एक यंत्र दिलं की प्रश्न सुटेल, ही आशा आपल्याकडेही येऊन गेली आहे. निकोलस नेग्रोपोंटे यांच्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७मध्ये झाला तो रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत. याच मोहिमेत पेरू या देशाने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप विकत घेतले. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत लॅपटॉप मिळालेली मुलं न मिळालेल्यांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत. लॅपटॉप पोचले होते, पण त्यांचं वर्गात काय करायचं हे शिक्षकांपर्यंत नीट पोचलं नव्हतं.

याच्या उलट दिल्लीतलं उदाहरण. माइंडस्पार्क नावाचा कार्यक्रम मूल कुठल्या पातळीला आहे ते आधी ओळखतो आणि तिथूनच प्रश्न देतो. शाळेनंतरच्या केंद्रांत तो वापरून साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्हींत मुलं चांगली पुढे गेल्याचं कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांच्या २०१९च्या अभ्यासात दिसलं. या केंद्रांवर सहावीत शिकणारी मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. त्यांना सहावीचे रंगीत व्हिडिओ दाखवून हे झालं नसतं. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्या माणसाला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा: सहावीतल्या, पण दोन अंकी वजाबाकी न येणाऱ्या मुलासमोर तुमचा कार्यक्रम काय करतो? तो उत्तराऐवजी माहितीपत्रक काढू लागला, तर चहा पाजून निरोप द्या.

राहिला देखभालीचा प्रश्न. सरकारच्या 'समग्र शिक्षा' योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजार रुपये इतकंच आहे. खडू, दुरुस्ती, स्वच्छता, वीज हे सगळं त्यातच बसवायचं असतं. तेव्हा एक लाखाची वस्तू देणाऱ्याने पुढच्या तीन-चार वर्षांचं वीजबिल, इन्व्हर्टरची बॅटरी आणि दुरुस्ती यांची तजवीज त्याच दिवशी करावी. ज्या शाळेला सगळ्यात जास्त गरज असते तिचाच पट छोटा असतो आणि अनुदानही सगळ्यात कमी असतं. बंद पडलेलं यंत्र तिथे सगळ्यात लवकर कपाटात जातं. कपाटाची किल्लीही महत्त्वाची आहे. 'मोडलं तर भरपाई कोण देणार' या धाकाने वस्तू कुलुपात राहते. 'वापरताना मोडलं तर शाळा जबाबदार नाही' असं देणगीच्या पत्रातच लिहून द्या. शिक्षक मोकळे होतील.

घरी पाठवलेला अभ्यास

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याच्या त्यांच्या कामामुळे. या कल्पनेचं बळ एका साध्या गोष्टीत आहे: पाठ्यपुस्तक सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाकडे असतं. आज बालभारतीच्या पुस्तकांवर हे कोड सर्रास दिसतात. पण कोडच्या पलीकडचं सगळं फोनवर अवलंबून आहे, आणि तिथेच वाटा फुटतात.

घरात फोन आहे याचा अर्थ मुलाला फोन आहे असा होत नाही. 'असर'च्या २०२१च्या पाहणीत स्मार्टफोन असलेल्या घरांतल्याही सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. बाप कामावर जातो तेव्हा फोन त्याच्या खिशात जातो. संध्याकाळी घरी आला की मोठ्या भावाच्या हातात. बहिणीची पाळी भांडी घासून झाल्यावर, तोवर चार्जिंग संपलेलं. २०२४मध्ये १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्के जणींकडे.

शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घरी एक साधी चौकशी करावी: फोन कुणाचा, घरी किती वाजता येतो, कुठल्या मुलाच्या हाती जातो, रिचार्ज महिनाभर असतो की मजुरी मिळाली की मारला जातो. ही नोंद झाली की फोनवरूनच होईल असा अभ्यास सक्तीचा करायचा नाही. व्हिडिओ पाठवायचाच तर तो दुसऱ्या दिवशी वर्गातही दाखवायचा. व्हॉट्सॲपच्या गटावर 'ज्यांनी अभ्यास पाठवला त्यांचं अभिनंदन' अशी नावांची यादी टाकायची नाही. त्या यादीत नसलेल्या मुलाच्या आईला ती वाचून काय वाटतं, याचा अंदाज करणं कठीण नाही.

साध्या बटणाच्या फोनचा उपयोग आपण फारच कमी लेखला आहे. कोविडकाळात आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात दोन गोष्टी शेजारीशेजारी तपासल्या गेल्या. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे प्रश्न एसएमएसने पाठवले. काहींना एसएमएसबरोबर वीसेक मिनिटांचा एक फोनही केला. नुसत्या एसएमएसने फरक पडला नाही, फोनवरच्या बोलण्याने पडला. आपल्याकडे त्याच काळात सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, आणि पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ गावात ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवले गेले. त्यासाठी कुठल्याही घराला पदरचे पैसे घालून काही विकत घ्यावं लागलं नाही. माझ्या मते त्या दोन वर्षांतल्या चांगल्या कल्पना या होत्या. त्यांची आठवण शाळा उघडल्यावर इतक्या झटकन पुसली जायला नको होती.

दिवाळीनंतर वर्गात कोण उरतं

बीडच्या किंवा पाथर्डीच्या बाजूच्या गावात ही अडचण सगळ्यांना ठाऊक असते, पण देणगीच्या बैठकीत ती कुणी काढत नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला, कोयत्यावर निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचे शाळेचे पाच-सहा महिने बुडतात. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांचंही तेच. जूनमध्ये दिलेली वस्तू त्यांना चार महिने दिसते, गावात राहणाऱ्यांना वर्षभर. वर्गातलं अंतर वाढायला एवढं पुरतं.

अशा गावात माझा सल्ला असा: पहिला पैसा मूल गावात राहावं यावर खर्च करा. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिचा प्रस्ताव वेळेत, म्हणजे कुटुंबं निघण्याआधी जावा म्हणून समितीने पाठपुरावा करावा. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांना संध्याकाळचं जेवण आणि अभ्यासाला उजेडाची जागा लागते. देणगीचा यापेक्षा चांगला उपयोग क्वचितच असेल. जी मुलं जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या. ते हातात असलं की कारखान्याच्या गावातल्या शाळेत बसवून घ्या, असा आग्रह धरता येतो. आईबापांचा नंबर बदलतो, म्हणून मुकादमाचा नंबरही लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा शिक्षकांनी किंवा मानधनावर नेमलेल्या मुलीने कोपीवर, म्हणजे फडावरच्या त्यांच्या झोपडीवर, फोन करून दहा-पंधरा मिनिटं गणित बोलून घ्यावं.

या बाबतीत आपल्याच मातीतला एक जुना धडा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा भरली. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. आज अंगणवाडी हा शब्द देशभर सरकारी झाला आहे आणि त्यातलं अंगण विसरलं गेलं आहे. ताराबाईंनी सुरुवात शाळेत न आलेल्या मुलापासून केली आणि त्याच्याभोवती शाळा बेतली. आपण वस्तू आधी ठरवतो आणि मुलाने तिच्यापर्यंत यावं अशी वाट बघतो.

भाषेचंही तसंच आहे. धडगावचं पावरी बोलणारं, मेळघाटातलं कोरकू बोलणारं, भामरागडचं माडिया बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकी असते. पुण्यात तयार झालेला व्हिडिओ त्याला आणखी परका. इथे फोनचा उत्तम उपयोग होतो, पण उलट दिशेने. पाड्यावरच्या एखाद्या आजीला तिच्या भाषेत गोष्ट सांगायला सांगा आणि ती ध्वनिमुद्रित करा. शिक्षकांना ती ऐकवा, मुलांना ऐकवा, मग तीच गोष्ट मराठीत सांगा. खर्च शून्य. त्या मुलाच्या आजीचा आवाज वर्गात वाजला, हा फायदा वेगळाच.

वाचायला मजकूर हवा असेल तर तो विकत घेण्याआधी फुकटात काय मिळतं ते बघा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत आणि त्या छापून घ्यायला मुभा आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. छापून, बांधून, कपाटाबाहेर, मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर ठेवा.

एआयबद्दल थोडक्यात. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी ते घरी वापरायला सुरुवात केली आहेच. म्हणून आपल्याही मुलांना लगेच द्या, अशी घाई मला पटत नाही. ज्याला वाचलेलं तपासता येत नाही त्याच्या हाती खोटंही ठामपणे सांगणारं यंत्र देण्यात लाभ कमी आणि धोका जास्त. शिक्षकांनी ते जरूर वापरावं. एकाच धड्यावर तीन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिका, गावातल्या बाजारभावांवरची शाब्दिक उदाहरणं, अवघड उताऱ्याचं सोपं रूप, ही कामं त्याने पटकन होतात. त्यातल्या चुका सुधारून कागद मुलांना द्यावा. बहुवर्ग शाळेतल्या शिक्षकाचा यात रोजचा अर्धा तास वाचला, तर तो मागच्या गटाला मिळू शकतो.

समितीच्या इतिवृत्तात काय असावं

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, आणि शाळा विकास आराखडा करणं हे याच समितीचं काम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. देणगीदारांनी एवढा आग्रह धरावा: प्रस्ताव समितीच्या भरलेल्या बैठकीत मांडला जावा, आणि ती बैठक मजुरीला जाणाऱ्या आयांना येता येईल अशा वेळी, म्हणजे संध्याकाळी, व्हावी. तिथे बोलायला सगळ्यात आधी त्यांना सांगावं, सरपंच आणि माजी विद्यार्थी नंतर. चाचणीचे आकडे मुलांची नावं न घेता वाचून दाखवावेत: किती अक्षरांवर आहेत, किती शब्दांवर, किती गोष्टीवर, त्यात मुली किती आणि दिवाळीनंतर जाणारी किती.

मग ठराव लिहावा. वस्तू कोणती, ती आठवड्यात किती तास आणि कुठल्या गटासाठी, किल्ली कुणाकडे, वीजबिल कोण भरणार, आणि तळातल्या गटातल्या मुलांना ती पहिल्यांदा कोणत्या आठवड्यात मिळणार. सुट्टी लागण्याआधी त्याच पत्रकाने, त्याच मुलांची पुन्हा चाचणी घ्यायची आणि फडावरून परतलेली मुलं तोवर आली नसतील तर ती आल्यावर. शाळेची सरासरी देणगीदाराला कळवायची असेल तर कळवा, पण तिच्याबरोबर तळातल्या गटात जूनमध्ये किती मुलं होती आणि आता किती उरली, हा आकडा द्यायचाच. पुढच्या वर्षीच्या देणगीचा निर्णय त्याच आकड्यावर घ्यावा, असं ठरावाच्या शेवटच्या ओळीत लिहून घ्या.